खुर्चीचा डावा हात

देवमाने साहेबांनी खुर्ची जीपमधून उतरवून घेतली, तेव्हा तिला झेंडूचा हार आधीच घातलेला होता. माणसाच्या गळ्यात हार पडतो, देवाच्या पडतो, नव्या ट्रॅक्टरच्याही पडतो. पण त्या खुर्चीचा थाट असा होता की जणू तीच निवडून आली होती.

"कुठाय आमची लाभार्थी?" साहेबांनी दारातूनच विचारलं.

लाभार्थी माझ्या कडेवर होती. वैजू, वय वर्षं आठ. जन्मताना उशिरा रडली आणि मेंदूला मार बसला, असं मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मान धरत नव्हती, उजवा हात मुडपलेला असायचा, बोलायची ते मला नि तिच्या आजोबांनाच कळायचं. पण समजत तिला सगळं होतं. आमच्या 'होनराव फोटो स्टुडिओ'च्या पाटीवरची अक्षरं ती मला बोटाने दाखवायची, आणि मी मुद्दाम चुकीचं वाचलं की चिडायची.

शाळा गल्लीच्या टोकाला होती. खडके गुरुजींनी मला दोन वर्षं एकच उत्तर दिलं होतं. "होनरावबाई, माझी ना नाही. पण मान न धरणारं लेकरू मी जमिनीवर बसवू कसं? पडलं, लागलं तर? तुम्ही चाकाची खुर्ची आणा, मी त्याच दिवशी नाव घालतो."

तळेवाडासारख्या गावात चाकाची खुर्ची आणायची कुठून? पंच्याण्णव साल होतं. तेव्हा 'अपंग' हाच शब्द होता आणि अपंग मुलांना शाळेत आणायची सरकारी योजना होती. त्या योजनेचे तालुक्याचे धनी म्हणजे शिक्षण विस्तार अधिकारी देवमाने. मी त्यांच्या कचेरीच्या पायऱ्या दीड वर्ष झिजवल्या, आणि शेवटी ती खुर्ची माझ्या दारात आली.

वैजूला मी खुर्चीत बसवलं. खुर्ची मोठ्या माणसाची होती, पोर तिच्यात बुडाली. खुर्चीचा डावा हात तिच्या हनुवटीपर्यंत येत होता. साहेब मागे उभे राहिले, मुठीवर हात ठेवला, छाती काढली. त्यांचा क्लार्क बाबर कचेरीचा कॅमेरा घेऊन समोर वाकला.

आता वैजूची एक खोड सांगायला हवी. तिला फार आनंद झाला की ती चावायची. माझ्या खांद्यावर तिच्या दातांच्या खुणा कायम असायच्या. कुणाला वाटायचं, पोर त्रास देते. मला ठाऊक होतं, ती खूश आहे. त्या दिवशी तिने डावीकडे मान टाकली आणि खुर्चीच्या हाताचं काळं रेक्झिन कचकन चावलं. आतला पांढरा स्पंज बाहेर आला.

"अगं अगं, सरकारी आहे ती," बाबर म्हणाला.

"असू दे, असू दे," साहेब हसून म्हणाले. "फोटो घे तू. माझा चेहरा येतोय ना नीट?"

फोटो झाला. मग त्यांनी एक छापील रजिस्टर पुढे केलं. "इथं सही करा वहिनी. माप घेतल्याची पोच आहे."

मी सही केली. मी मॅट्रिक झालेली बाई, पण वाचलं नाही. वैजू खुर्चीत बसून खिदळत होती आणि माझं लक्ष तिच्याकडे होतं. सही होताच साहेबांनी बाबरला खूण केली, आणि बाबरने वैजूला उचलून माझ्या हातात दिलं.

"अहो, खुर्ची?"

"ही नमुन्याची आहे. हिच्यात पोरगी मावते तरी का, बघा तुम्हीच. तुमची मापाची येईल पुढच्या महिन्यात, घरपोच."

खुर्ची हारासकट जीपमध्ये गेली. जीप वळेपर्यंत वैजू गप्प होती. मग तिने जो टाहो फोडला तो संध्याकाळपर्यंत थांबला नाही. मी तिला समजावत राहिले, "पुढच्या महिन्यात, सोन्या, पुढच्या महिन्यात." खोटं बोलतेय हे मला तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून ते पाप माझ्या माथी नाही. त्याचं खातं वेगळ्या माणसाच्या नावावर आहे.

त्या रोलचं काम आमच्याकडेच आलं. तळेवाडात स्टुडिओ एकच. माझे यजमान लग्नाच्या व्हिडिओच्या ऑर्डरी घेऊन गावोगाव फिरायचे, आणि डार्करूम माझ्याकडे असायची. माझ्या सासऱ्यांनी मला ती विद्या दिली होती. पण आत बाई काम करते हे देवमान्यांच्या गावीही नव्हतं. ते रोल काउंटरवर ठेवून म्हणाले, "होनरावांना सांगा, छोट्या कॉप्या हव्यात, सरकारी काम आहे, घाई आहे." मी छोट्या कॉप्या काढल्या, दिल्या. सतरा मुलं होती, सतरा गावची. सगळ्यांच्या मागे साहेब. मला वाटलं, नमुन्याची खुर्ची आहे, माप घेत फिरले असतील. सगळ्यांनाच पुढच्या महिन्यात मिळणार.

निगेटिव्ह नेहमीप्रमाणे पाकिटात घालून, नाव-तारीख टाकून फळीवर ठेवली. फोटो गिऱ्हाइकाचा, निगेटिव्ह स्टुडिओची, ही आमच्या धंद्याची जुनी रीत.

मार्च गेला, एप्रिल गेला. मी कचेरीत गेले की बाबर म्हणायचा, "वरूनच आल्या नाहीत अजून." जूनमध्ये शाळा सुरू झाली. वैजू उंबऱ्यात पडून गल्लीतून दप्तरं घेऊन जाणारी पोरं बघायची. खडके गुरुजी रस्त्याने जाताना आता दुसऱ्या बाजूने जाऊ लागले. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, म्हणून तर तोंड चुकवत होते.

नोव्हेंबरात देवमाने साहेब स्वतः दुकानात आले. या खेपेला त्यांनी खुर्ची मागून घेतली, बसले, चहाला नाही म्हणाले नाहीत.

"जिल्ह्याच्या सीईओ मॅडम येताहेत, पुढच्या महिन्याच्या सात तारखेला. पंचायत समितीच्या हॉलमध्ये लाभार्थी मेळावा आहे. त्या सतरा फोटोंचे मोठ्ठे फोटो करायचे, बोर्डावर लावायचे. खाली नाव, गाव, आणि वर ठळक अक्षरात 'व्हीलचेअर वाटप'. ही घ्या यादी."

"वाटप?" मी विचारलं.

"हो. मग?"

"साहेब, आमची खुर्ची आली नाही अजून."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटतं, मी कुठल्या फोटोतल्या पोरीची आई आहे हे तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, तुमची सही आहे माझ्याकडे. मिळाल्याची. आता उगाच तोंडाने काही बोललात तर लोक म्हणतील, एक विकून दुसरी मागायला आली. तुमचं दुकान आहे, अब्रू आहे. पुढच्या महिन्यात मॅडम आल्या की आपण बघू ना काहीतरी." उठता उठता ते थांबले. "आणि हो, त्या फोटोंत माझा चेहरा जरा काळपट आलाय. उजळ करा तेवढा."

मी "बरं" म्हटलं. मी पटकन भांडणारी बाई नाही. मी डूख धरते. सासूबाई म्हणायच्या, कुमुदच्या तोंडून शब्द गेला तर समज, राग गेला. गप्प बसली तर मात्र सांभाळ.

दुसऱ्या दिवशी दुपारी डार्करूमचं दार लावून मी एन्लार्जर लावला. मोठा फोटो करायचा म्हणजे निगेटिव्ह आधी कागदावर मोठी पडते, आणि निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. पहिली फ्रेम वैजूची. खुर्चीच्या पांढऱ्या दिसणाऱ्या डाव्या हातावर एक काळी चंद्रकोर होती. तिचे दात.

दुसरी फ्रेम लावली. वाघोलीचा एक पोलिओ झालेला मुलगा. खुर्चीच्या डाव्या हातावर चंद्रकोर होती. तिसरी, आंधळी वाटावी अशी डोळे मिटलेली एक चिमुरडी. चंद्रकोर. चौथी, पाचवी, सहावी. झेंडूचा हार फ्रेमगणिक सुकत गेला होता, पाकळ्या गळत गेल्या होत्या. सतराव्या फोटोत नुसता दोरा आणि चार देठ उरले होते. पण माझ्या लेकीचे दात तसेच्या तसे होते. सतरा गावं माझी वैजू फिरून आली होती, आणि प्रत्येक गावात तिने साहेबांना चावून ठेवलं होतं.

मी त्या लाल उजेडात खाली बसले आणि हसले. फार दिवसांनी हसले. मग उठून कामाला लागले.

सतरा फोटो मी असे काढले की कधी काढले नसतील. प्रत्येक फोटोत खुर्चीचा डावा हात लख्ख दिसेल अशी चौकट घेतली. साहेबांचा चेहराही मन लावून उजळला, टचिंगच्या पेन्सिलीने सुरकुत्यासुद्धा भरल्या. लगीनघरच्या नवरदेवासारखे दिसू लागले. मला माणसाची पारख आहे. आपला चेहरा चांगला आला असेल तर तो माणूस फोटोत दुसरं काही बघत नाही.

आणि मग मी एक गोष्ट केली, जी मी कुणाला फारशी सांगत नाही. प्रत्येक फोटोची एक जादा कॉपी मी पोस्टकार्ड साईजमध्ये काढली. मागच्या बाजूला, यादीतला पत्ता बघून, सोळा घरांना लिहिलं, 'सात डिसेंबरला सकाळी दहा वाजता तळेवाड पंचायत समितीत मुलाला घेऊन यावे. हा फोटो दाखवावा. खुर्ची मिळेल.' खाली सही केली नाही. तिकिटं लावली आणि पेटीत टाकली.

'खुर्ची मिळेल' हे मी कुणाच्या भरवशावर लिहिलं? कुणाच्याच नाही. तसं लिहिलं नसतं तर कामधंदा बुडवून, दोन-दोन एष्ट्या बदलून कुणी आलं नसतं, म्हणून लिहिलं. मला ती सोळा मुलं तिथं हवी होती. तेव्हा मी त्यांच्यासाठी करत होते असं म्हणण्यात काही अर्थ नाही. मला देवमान्याचं तोंड बघायचं होतं.

सात तारखेला हॉलमध्ये स्टेजच्या मागे बोर्ड लागला. स्टेजवर मधोमध ती खुर्ची, नवा कोरा झेंडूचा हार घालून. मॅडमच्या हस्ते एका मुलाला 'प्रातिनिधिक' वाटप होणार होतं. साहेब बोर्डापुढे उभे राहून प्रत्येक फोटोत स्वतःला बघत पुढे सरकत होते.

"व्वा, वहिनी. होनरावांचा हात म्हणजे हात आहे," ते म्हणाले.

दहाच्या सुमारास फाटकातून पहिली बाई आली. पाठीवर दहा-बारा वर्षांचा मुलगा, लुगड्याच्या गाठीने बांधलेला. तिच्या हातात माझं पोस्टकार्ड होतं. तिच्यामागे एक म्हातारा नातीला खांद्यावर घेऊन आला. मग एका टेम्पोतून चौघं. साडेदहापर्यंत सोळापैकी चौदा घरं आली होती, आणि प्रत्येकाचं मूल कुणाच्या तरी पाठीवर, कडेवर, खांद्यावर होतं. बाबर दारात उभा राहून, "आत नाही, आत नाही," म्हणत होता, आणि प्रत्येक जण त्याला फोटो दाखवून आत येत होता. सरकारी माणसाला कागद दाखवला की तो अडवू शकत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

पाठीवर मुलगा बांधलेली ती बाई माझ्याच शेजारी येऊन टेकली. सीमेवरच्या गावची होती, लक्कव्वा नाव. मुलगा शिवाप्पा.

"अक्का, खुर्ची कुटं वाटायलेत?" तिने मला विचारलं. "फाट्यापासनं चालत आलो. एष्टी आलीच न्हाई. पण म्हटलं, मिळतीया तर जाऊ."

मी वैजूला घट्ट धरून बसले.

सीईओ मॅडम आल्या. साधी सुती साडी, चष्मा, बोलण्यात फापटपसारा नाही. त्या आधी बोर्डाकडे बघत राहिल्या, मग हॉलकडे वळल्या. समोर फोटोतलीच मुलं बसलेली.

"देवमाने, या मुलांना खुर्च्या मिळाल्यात ना?"

"होय मॅडम. सतराच्या सतरा."

"मग ही सगळी पाठीवर का आलीत?"

देवमाने एक क्षण थांबले असतील, जास्त नाही. मानलं मी त्यांना. "मॅडम, खेड्यातली माणसं आहेत. कोरी वस्तू वापरायला यांचा जीव होत नाही. प्लॅस्टिकसुद्धा काढत नाहीत. कणगीवर ठेवतात, हळदकुंकू लावतात. आम्ही किती सांगतो."

मॅडमच्या चेहऱ्यावर हसू आलं. ते खरंच वाटण्यासारखं होतं. कुणाच्या घरी कोऱ्या मिक्सरवर दोन-दोन वर्षं फडकं पडलेलं नसतं?

"आमाला न्हाई मिळाली," लक्कव्वा बसल्या जागेवरून म्हणाली. तिचा आवाज लहान होता.

"काय बाई? अंगठा कुणाचा मग?" देवमान्यांनी रजिस्टर उघडून मॅडमपुढे धरलं. "हे बघा मॅडम. अंगठे आहेत, सह्या आहेत. एक घेतात आणि दुसरी मागतात."

लक्कव्वाने मान खाली घातली. हॉलमध्ये एकदम शांतता झाली. ती शांतता मला ओळखीची होती. मी दीड वर्ष कचेरीत तीच ऐकत आले होते. मी वैजूला कडेवर घेऊन उठले आणि स्टेजच्या पायऱ्या चढले. बाबर आडवा आला. मी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"मॅडम, मी फोटोवाली होनराव. हे फोटो मीच काढलेत. म्हणजे धुतलेत. आणि रजिस्टरातली पहिली सही माझी आहे."

"बरं?"

"तुम्ही फक्त या खुर्चीचा डावा हात बघा. मग फोटो बघा."

"मॅडम, या बाईंचं आणि माझं..." देवमाने पुढे आले.

"थांबा तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

त्या खुर्चीशी वाकल्या. हार बाजूला केला. फाटकं रेक्झिन, पांढरा स्पंज, वरच्या चार दातांची कोर. मग त्या बोर्डापाशी गेल्या आणि पहिल्या फोटोवर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. घाई केली नाही. सतराव्या फोटोपर्यंत बोट गेलं. हॉलमधली माणसं आपापल्या मुलाच्या फोटोवर बोट आलं की जरा सरसावून बसत होती.

मी तेवढ्यात वैजूला खुर्चीत बसवलं. दहा महिन्यांनी तिला ती खुर्ची पुन्हा भेटली. तिने हात-पाय झाडले, मान डावीकडे टाकली आणि जुन्या जागेवर जुने दात बरोबर बसवले.

मॅडम तिच्यापुढे गुडघ्यांवर बसल्या. "हे तू केलंस?"

वैजूने तोंड काढलं आणि हसली. तिची लाळ हनुवटीवरून ओघळत होती. तिने जे म्हटलं ते मी सांगितलं नाही, सांगायची गरज नव्हती. 'हो' कुणालाही कळतं.

मी मात्र देवमान्यांकडे बघत होते. मी त्यांचा चेहरा पेन्सिलीने किती उजळला होता, आणि तो आता कसा दिसत होता. ते तोंड मी आजही डोळे मिटून बघू शकते. माझ्या आयुष्यात चांगले दिवस बरेच आले, पण तसा दिवस एकच.

पुढचं सगळं सरकारी झालं. पंचनामा झाला. देवमाने निलंबित झाले. मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं की खुर्च्या येतील, आणि मॅडमनी तो शब्द पाळला. चार महिन्यांत खुर्च्या आल्या. सोळा.

सतरावी का नाही? मी कचेरीत विचारायला गेले. नवीन क्लार्क होता, सभ्य होता.

"बाई, रजिस्टरप्रमाणे एक खुर्ची खरोखर खरेदी झाली होती. पहिली नोंद तुमच्या मुलीची. तिची आलेलीच आहे."

"मग ती द्या."

"ती कशी देणार? ती पुरावा आहे. सील केलीय. चौकशी संपेपर्यंत हलवता येत नाही." मग तो जरा ओशाळून म्हणाला, "पुरावा तुम्हीच दिलात ना."

खिडकीतून मला ती दिसत होती. गोदामात, मोडक्या बाकांच्या ढिगावर, पायांना सुतळी आणि लाखेचे ठिपके. वाळलेला हार अजून तसाच होता.

लक्कव्वा मेमध्ये स्टुडिओत आली. शिवाप्पा नव्या खुर्चीत बसून आला होता. "आता खरा फोटू काढ, अक्का," म्हणाली. मी काढला. निघताना तिने वैजूला जमिनीवर पाहिलं, तिच्या खुर्चीची चौकशी केली. मी सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे आमाला तुझ्या पोरीची मिळाली." मी तिच्याकडून फोटोचे पैसे घेतले नाहीत.

जूनमध्ये मी वैजूला कडेवर घेऊन शाळेत गेले आणि खडके गुरुजींच्या वर्गात मांडी घालून बसले. वैजू मांडीवर. "खुर्ची आणा म्हणालात ना? ही घ्या," मी माझ्या मांडीवर थाप मारली. गुरुजींनी हजेरीत नाव घातलं. चार वर्षं सकाळचा स्टुडिओ बंद ठेवून मी पहिली ते चौथी पुन्हा शिकले.

देवमाने सहा महिन्यांत कामावर परत आले. दुसरा तालुका, तीच खुर्ची, म्हणजे साहेबाची. नंतर बढतीही झाली, पेन्शनही बसली. चौकशी सुरूच राहिली. आठ वर्षांनी मला एक पत्र आलं की 'सदर वस्तू संबंधितास परत करण्यात येत आहे.' तोवर वैजूला आम्ही मिरजेहून दुसरी खुर्ची आणली होती. ही परत आलेली मी सायकलवाल्याकडून चाकं दुरुस्त करून घेतली आणि स्टुडिओत ठेवली. म्हाताऱ्या माणसांना फोटोसाठी स्टुलावर बसवत नाही, तिच्यावर बसवते. डाव्या हाताचं रेक्झिन मात्र बदललं नाही.

गेल्या नोव्हेंबरात एका तरुणाने बापाला धरून पायऱ्या चढवल्या. पेन्शनच्या कामासाठी फोटो हवा होता. बापाच्या गुडघ्यांचं ऑपरेशन बिघडलेलं, पाय टेकवत नव्हता. मी न बघताच खुर्ची पुढे केली. तो बसला, हात ठेवला, आणि त्याचं बोट स्पंजच्या खळग्यात गेलं. बोट तिथंच थांबलं. मग मी बघितलं.

"ही तीच का?" देवमान्यांनी विचारलं.

"तीच."

संगणकावर वैजू बसली होती. आता फोटोंचं सगळं काम तीच करते, डाव्या हाताने. तिने देवमान्यांना ओळखलं की नाही, मला कळलं नाही. मी फोटो काढला, तिने स्क्रीनवर घेतला आणि काहीतरी विचारलं.

"काय म्हणतात ताई?" मुलाने विचारलं.

"चेहरा जरा उजळ करू का, विचारते."

देवमान्यांनी मान हलवली. नाही की हो, ते स्पष्ट झालं नाही.

मुलाचं लक्ष चाकांवर गेलं होतं. "मावशी, ही खुर्ची काही दिवस मिळेल का? बाबांसाठी सरकारी खुर्चीचा अर्ज केलाय. पण किती फेऱ्या मारायला लावतात तुम्हाला सांगतो. तोवर घरात मी यांना पाठीवरच नेतो. मी परत आणून देईन."

देवमाने त्याला म्हणाले, "चल रे, राहू दे."

वैजूने टेबलावर हात आपटला आणि एक शब्द म्हणाली. मोठ्याने म्हणाली. तिच्या बोलण्यात तो एक शब्द सगळ्यात सोपा आहे, पण बाहेरच्या माणसाला तो नुसता आवाज वाटतो.

"काय म्हणतात?" मुलाने माझ्याकडे बघून विचारलं.

"म्हणते, पुढच्या महिन्यात या."

देवमान्यांनी माझ्याकडे पाहिलं.  मुलाने, फोटो उद्या नेतो म्हणत, वाकून बापाला पाठीवर घेतलं, तोल सांभाळत पायऱ्या उतरला आणि रस्ता ओलांडून गेला. तो दिसेनासा होईपर्यंत मी दारात उभी राहिले.

आत आले तेव्हा वैजूने स्क्रीन बंद केली होती. ती माझ्याकडे बघत होती.

"आई," तिने सावकाश, एक एक अक्षर सुटं करून सांगितलं, "मी 'दे' म्हणाले."

"ऐकलं मी," मी म्हणाले, आणि देवमान्यांच्या आठ कॉप्या कापायला घेतल्या.